सुभेदाराविरुद्ध गाऱ्हाणं

भिवंडीच्या कल्याण नाक्यावर रिक्षा अडकली तेव्हा पंढरी शेजारच्या प्रवाशाला सांगत होता, की परवा आमच्याकडं टेमघरात सुभा बसतो, या बघायला, अख्खं गाव लोटतं. तो माणूस बिचारा कुठल्याशा कंपनीतला, घामाघूम, मांडीवर डबा. त्यानं विचारलं, "सुभा म्हणजे काय हो?" पंढरी याच प्रश्नाची वाट बघत होता. एकतीस वर्षं तो या प्रश्नाचं उत्तर देत आला होता आणि दर वर्षी ते उत्तर थोडं लांबत होतं. त्यानं घसा खाकरला, पण तेवढ्यात पलीकडून क्षितिजा बोलली. क्षितिजा त्याची नात, कॉलेजात इतिहास घेतलेली, पेपर तोंडावर आलेले. वहीतून डोकं वर न काढता ती म्हणाली, "राजा लांब असायचा ना, मग त्याच्या नावानं प्रांत चालवायला माणूस नेमायचे. तो सुभेदार. म्हणजे नोकरच. फार वर्षं एका जागी ठेवायचे नाहीत त्याला, बदली करायचे. नाहीतर डोक्यावर बसतो." डब्यावाला हसला. "आमच्या ब्रँच मॅनेजरसारखं," तो म्हणाला. पंढरीही हसला. रिक्षात बसून माणूस दुसरं करणार काय? पुढं एक ट्रक तिरका घुसला होता, कापडाच्या ताग्यांनी फुगलेला, आणि सगळ्या बाजूंनी हॉर्न वाजत होते. त्या कलकलाटात तो एकच शब्द पंढरीच्या कानात घोंगावत राहिला. बदली. आयला, एकतीस वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं.

आता हा सुभा म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण पंढरीला त्या दिवशी सांगता आलं नाही. चैत्रात गावदेवीची जत्रा भरते. त्या दिवशी देवळासमोरच्या ओट्यावर एक चौरंग मांडतात, त्यावर लाल कापड आणि एक नारळ. ती राजाची बैठक. तिच्यावर कुणी बसत नाही. तिच्या खाली, पायरीवर, घोंगडी टाकतात आणि तिथं पागोटं बांधून बसतो तो सुभेदार. राजा कोणता, ते गावात कुणी विचारत नाही. कुणी म्हणतं रायगडचा, कुणी म्हणतं साताऱ्याचा, कुणी म्हणतं त्याच्याही आधीचा. तो लांब आहे एवढं सगळ्यांना ठाऊक. मग गावातलं एक गाऱ्हाणं ऐकायचं, एकच, आणि सुभेदारानं निवाडा द्यायचा: "धनी लांब हाय, त्याच्या नावानं मी बोलतो." बांधाची भांडणं, भावाभावांतली विहीर, मोडलेली सोयरीक, जे असेल ते. तो निवाडा वर्षभर चालतो. कोर्टात गेलेली माणसंसुद्धा तो पाळतात आणि तारखांनाही जातात. हा मान पंढरीच्या घराकडं. बाप गेला त्या वर्षापासून पंढरी बसायला लागला. त्याच्या मनात त्याचा केवढा ताठा होता म्हणता! कल्याणचा सुभेदार म्हटलं की लोकांना त्याची सून तेवढी आठवते, पण आमचा सुभेदार म्हटलं की मी आठवतो, असं तो लग्नाकार्यात चारचौघांत सांगायचा, आणि बायको, पार्वती, पदराआड हसायची.

पण या सगळ्याच्या आधी एक रीत आहे, आणि पंढरीचा खरा ताठा त्या रीतीवर उभा होता. निवाड्याच्या आधी देवळाचा बाळाराम तीनदा पुकारतो: "सुभेदाराविरुद्ध कुनाचं गाऱ्हानं हाय?" असलं, तर सुभेदारानं उठायचं, पागोटं काढून राजाच्या चौरंगावर ठेवायचं आणि बोडक्या डोक्यानं उभं राहायचं. गाऱ्हाणं करणारा चौरंगाशी बोलणार, सुभेदाराशी नाही. मग सुभेदारानं खरं काय ते सांगायचं, पागोटं पुन्हा चढवायचं आणि राजाच्या नावानं स्वतःचाच निवाडा करायचा. असं झाल्याचं पंढरीनं आज्याकडून ऐकलं होतं, एकदाच, कुणाच्या तरी पणज्याच्या काळात. पंढरीच्या एकतीस वर्षांत बाळाराम तीनदा पुकारी, तीनदा गप्प सगळं, आणि लगेच बेंजो पार्टी वाजायला लागे. ते तीन गप्प क्षण पंढरी वर्षभर उरात घेऊन फिरायचा. माणसाला पदकं मिळतात, शाली मिळतात. त्याला गावाचं हे गप्प राहणं मिळालं होतं.

आणि या वर्षी ते मोडणार होतं. हे त्याला रिक्षात बसल्या बसल्या कळलं, म्हणजे कळलं होतं आधीच, पण क्षितिजाच्या बोलण्यानं ते वर आलं. धोंडूबाई गाऱ्हाणं घालणार होती. धोंडूबाई शहात्तरची, पाठीत वाकलेली, खाडीकडच्या तुकड्यात माठ, मुळा, मेथी लावायची आणि सकाळी पाटी डोक्यावर घेऊन नाक्यावर विकायला बसायची. तिची वाट पंढरीच्या जमिनीतून. कागदावर वाट नव्हती; पण तिच्या सासूच्याही आधीपासून बाया तिथून जात होत्या. दिवाळीनंतर पंढरीच्या पोरानं, भाविकनं, तिथं गोडाऊन काढलं आणि चारी बाजूंनी कंपाऊंड घातलं, सलग. धोंडूबाई आता हायवेवरून वळसा घालून जात होती, कंटेनरांच्या कडेकडेनं, पाटी सांभाळत. पंढरीनं तिला दोनदा तसं जाताना पाहिलं होतं. जमीन पंढरीच्या नावावर, बांधकामाच्या कागदांवर सही पंढरीची. ती भांडायला आली असती तर त्यानं समजूत काढली असती, पोरावर ढकललं असतं. ती आलीच नाही. होळीला देवळात भेटली तेव्हा फक्त म्हणाली, "पंढऱ्या, सुभ्याला बघू."

घरी आल्यावर त्यानं जेवण अर्धं टाकलं. उन्हं होती, लोडशेडिंगमुळं पंखा बंद, आणि आजूबाजूचे पॉवरलूमही बंद, त्यामुळं भिवंडीत कधी नसते तशी शांतता. त्या शांततेत त्याला आपला शेड आठवला. गोडाऊनं यायच्या आधी, जमिनीला सोन्याचा भाव यायच्या आधी, पंढरी सव्वीस वर्षं एका शेडचा मॅनेजर होता. अठ्ठेचाळीस लूम, दोन शिफ्ट. सेठ मुंबईत. वर्षातून दोनदा यायचा, दिवाळीच्या पूजेला आणि असाच एकदा, न सांगता. बाकी सगळं पंढरीच्या हाती. कुणाला कामावर घ्यायचं, कुणाची ड्युटी बदलायची, मुलकाला, म्हणजे उत्तरेत गावी, कुणाला कधी सोडायचं. कारागीर म्हणायचे, "यहाँ के तो आपही बादशाह हो, मॅनेजरसाब." तो म्हणायचा, "बादशाह बंबई में बैठा है." केबिनमध्ये सेठची खुर्ची होती, फिरती, काळ्या रेक्झिनची. पंढरी रोज सकाळी ती स्वतःच्या रुमालानं पुसायचा, कारण कापसाची भुकटी बसायची, आणि सव्वीस वर्षांत त्या खुर्चीवर तो एकदाही टेकला नाही. ताप भरलेला असताना नाही, पाय सुजलेले असताना नाही. बाजूच्या लोखंडी स्टुलावर बसून त्यानं शेड चालवला. एकदा सेठ अचानक आला, खुर्ची बघितली, स्टूल बघितलं, आणि जाताना त्यानं पंढरीच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात पंढरीला अजून जाणवायचा. आपण शोभलो त्या जागेला, असं वाटायचं. सेठचं सगळं आपल्या हाती असून सेठ न झालेला माणूस. असं कितीजणांना जमतं?

आणि मग गुडघा. इथं त्याचं मन अडखळलं, पायात काही यावं तसं. सहा वर्षांपूर्वी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मांडी घालून बसवेना. भाविकनं लग्नाच्या हॉलवाल्याकडून खुर्ची आणली, नवरदेवाची, लाल मखमल आणि हातांवर सोनेरी सिंह. ओट्यावर मागं फ्लेक्स लागला, त्यावर पंढरीचा हात जोडलेला फोटो, 'सुभेदार पंढरीशेठ'. फ्लेक्स आणि खुर्ची मावायची तर चौरंगाला जागा राहिना. कुणीतरी म्हणालं, राहू दे आत या वर्षी. ते वर्ष गेलं. पुढच्या वर्षी कुणी विचारलंच नाही. चौरंगाची जागा होती तिथंच खुर्ची आली, बरोब्बर तिथं, आणि पंढरी त्यावर बसला. गेल्या सहा वर्षांत तो 'धनी लांब हाय' म्हणायचा आणि त्याच वेळी धन्याच्या जागेवर बसलेला असायचा. हे त्याला आज, या क्षणी, पहिल्यांदा दिसलं. सेठच्या खुर्चीवर आपण कधी बसलो नाही, त्याचा एवढा अभिमान धरला. मग राजाच्या बैठकीवर कसे बसलो? उत्तर साधं होतं आणि म्हणूनच लाजिरवाणं होतं. सेठ कधीही येऊ शकत होता. राजा येणार नव्हता.

जत्रेच्या दिवशी दुपारी पार्वतीनं पागोटं बांधायला घेतलं. ती मागं उभी राहून पेच ओढायची आणि दर वर्षी काहीतरी चिडवायची. या वर्षी गप्प होती. भाविक दारात आला, पांढरा शर्ट, गळ्यात चेन, घाईत. वाईट पोरगा नव्हता तो. बापाचा फोटो सगळ्यात मोठा लागला पाहिजे म्हणून फ्लेक्सवाल्याशी भांडणारा पोरगा. "बाबा," तो म्हणाला, "म्हातारी आज काय बोलली ना, तर पुढच्या वर्षी बघू बोला. सोमवारी पार्टी येतेय गोडाऊन बघायला. त्यांना कंपाऊंड सलग पायजे, गेट एकच पायजे. वाट-बिट काय चालनार न्हाय त्यांना."

"आनी तिनं पुकाऱ्यालाच गाऱ्हानं घातलं तर?" पंढरी म्हणाला.

"तर काय? निवाडा तुमीच करनार ना? तुमी म्हनाल तो निवाडा." भाविक हसला आणि गेला. पार्वतीनं शेवटचा पेच खोचला. मग कधी नव्हे ती त्याच्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "पोराला पन घर चालवायचं हाय. आनी ती बाई पन ट्रकाखाली जायची एक दिवस. मी काय सांगू तुमाला? मना काय कलत न्हाय." तिचे डोळे भरले होते. पंढरीनं पागोटं चाचपलं. आपल्याला तरी कुठं कळतंय, हे बायकोला सांगायची त्याला सवय नव्हती.

ओट्यावर चढताना बेंजो वाजली, बायांनी ओवाळलं, गुलाल उडाला. तो खुर्चीवर बसला. मखमल उन्हानं तापली होती. समोर माणसंच माणसं, टोप्या, पदर, मोबाईल वर धरलेले हात. उसाच्या रसाच्या गाड्याची घंटा वाजत होती. एरवी या क्षणी त्याची छाती फुगायची. आज खुर्ची त्याला खालून टोचत होती. सिंहाच्या डोक्यावर ठेवलेला हात त्यानं उचलून मांडीवर घेतला. बाळारामनं पुकारलं, "सुभेदाराविरुद्ध कुनाचं गाऱ्हानं हाय?" गप्प. दुसऱ्यांदा पुकारलं. गप्प. पंढरीच्या मनात एक नालायक आशा उभी राहिली, की ती आलीच नसेल, उन्हाचं तिला बरं नसेल. तिसरा पुकारा बाळारामच्या तोंडात असतानाच बायांमधून आवाज आला, "माझं हाय." बेंजो पार्टीतल्या ढोलवाल्यानं सवयीनं काठी टाकली होती, एक ठोका पडला, आणि थांबला.

धोंडूबाई पायऱ्या चढून वर आली. एकेक पायरी, गुडघ्यावर हात टेकत. वर येऊन ती उभी राहिली आणि तिनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, फ्लेक्सकडं बघितलं. मग बाळारामला म्हणाली, "राजाची बैठक कुठं हाय रं? मी बोलू कुनाशी?"

बाळारामनं देवळाच्या दाराकडं बघितलं. खालून भाविकचा आवाज आला, "बोल ना आजी, समोरच बसलेत की."

"तो सुभेदार हाय," धोंडूबाई म्हणाली. "माझं गाऱ्हानं त्याच्यावरच हाय. कुंपनानंच शेत खाल्लं तर कुंपनाला काय सांगू?"

गर्दीत कुणीतरी हसलं, आणि लगेच थांबलं. पंढरीला वाटलं, आता सगळ्यांना दिसतंय. सहा वर्षं जे कुणाला दिसलं नव्हतं ते आता लहान पोरालाही दिसतंय, मी कुठं बसलोय ते. त्यानं सिंहाचं डोकं धरलं, गुडघा कळवळला, आणि तो उठला. "बाळाराम," तो म्हणाला, "चौरंग कुठं हाय?" बाळाराम ओशाळला. आत हाय, तेलाचे डबे ठेवलेत त्याच्यावर. "आन." चौरंग आला. तेलकट, एका पायाला वाळवी. पंढरीनं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि चौरंग पुसायला लागला. घाईनं नाही, कोपरे, खाचा, पाय, सगळं. एवढी माणसं बघत होती आणि त्याला लाज वाटत नव्हती. हे काम त्याला येत होतं. या कामात तो सव्वीस वर्षं मुरलेला होता. खुर्ची त्यानं स्वतः बाजूला ढकलली, तिच्या जागी चौरंग मांडला, डोक्यावरचं पागोटं उतरवलं आणि त्यावर ठेवलं. टकलावर ऊन लागलं.

धोंडूबाईनं पागोट्याला हात जोडले आणि ती पागोट्याशी बोलली. फार नाही बोलली. "राजा, माझी वाट गेली. मना पोटाला कमी पडून नको मरू दे, आनी ट्रकाखाली पन नको." एवढंच. मग बाळारामनं रीतीप्रमाणं विचारलं, "सुभेदार, हे खरं हाय?"

खाली भाविक उभा होता. पंढरीला तो दिसत होता. पोरानं बांधलं, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. कागदावर वाट नाही, हेही खरं होतं. तोंडापर्यंत आलेली दोन्ही वाक्यं त्यानं गिळली. "खरं हाय," तो म्हणाला. "वाट जुनी हाय, मना म्हाईत होतं. सही माझी हाय." भाविकनं मान खाली घातली.

पंढरीनं पागोटं उचलून डोक्यावर ठेवलं. चौरंग रिकामा झाला. तो त्याच्या खालच्या पायरीवर उतरला, पाठ चौरंगाकडं न करता, तिरका, जसा त्याचा बाप उभा राहायचा. आणि काय सांगावं, त्याच्या अंगात काहीतरी भरून आलं. एकतीस वर्षांत शाली आल्या, हार आले, फ्लेक्स आले, पण असं कधी झालं नव्हतं. मागं कुणी नव्हतं आणि त्या नसलेल्याच्या नावानं तो बोलणार होता, स्वतःच्या विरुद्ध, आणि सगळं गाव ते मानणार होतं. राजालाही हे करता आलं नसतं. राजा स्वतःचंच बोलला असता. हे सुभेदारालाच जमतं. त्याला अभिमान वाटला, एवढा की डोळ्यांत पाणी आलं.

"धनी लांब हाय," तो म्हणाला, "त्याच्या नावानं मी बोलतो."

"बोला," गाव म्हणालं.

"सुभेदारानं वाट अडवली. उद्या सूर्य माथ्यावर यायच्या आत पाटीवाली बाई जाईल एवढी भिंत फोडायची. मानसं लावायची न्हाईत. सुभेदारानं स्वतः फोडायची."

बेंजोवाल्याला वाजवावं की नाही ते कळेना, म्हणून तो वाजवायला लागला. भाविक गर्दीतून निघून गेला.

सकाळी आठाला पंढरी पहार घेऊन भिंतीशी उभा राहिला. पहिल्या दहा घावांत एक कोपरा उडाला आणि त्याला कळलं, की भाविक बांधतो ते पक्कं बांधतो. त्यातही त्याला थोडा अभिमान वाटला, काय करणार! दहाच्या सुमारास भाविक गाडी घेऊन आला, उतरला आणि बराच वेळ बघत राहिला. पंढरीचा सदरा भिजून पाठीला चिकटला होता, तळहात सोलवटले होते, उभं राहवत नव्हतं म्हणून एका गुडघ्यावर टेकून तो घाव घालत होता.

"बाबा, पुरे," भाविक म्हणाला. "मी पाडतो. मानूस बोलावतो, अर्ध्या तासात होईल. तुमी मराल हितं."

"हुकूम मना हाय," पंढरी म्हणाला. "तुला न्हाय."

भाविक बाजूला दगडावर बसला. फोन वाजला तो त्यानं घेतला नाही. पुन्हा वाजला, तेव्हा घेतला आणि म्हणाला, "हां सेठ, मंडे को आओ. नहीं, एक रास्ता है बीच में. पुराना है. वो रहेगा." फोन खिशात टाकून तो पुन्हा भिंतीकडं बघत बसला. पंढरीनं ऐकलं, मान वळवली नाही, पण पुढचा घाव जोरात बसला. ऊन चढत गेलं. विटा सुटत गेल्या. पलीकडचं दिसायला लागलं, आधी हिरवा ठिपका, मग माठाचा वाफा, मग खाडीचा वारा तोंडावर आला.

सूर्य माथ्यावर यायला थोडं होतं तेव्हा नाक्यावरून धोंडूबाई आली, डोक्यावर पाटी, पाटीत न खपलेली मेथी. भगदाडासमोर थांबून तिनं ते नजरेनं मापलं. ना पंढरीकडं बघितलं, ना भाविककडं. मग आडवी होऊन आत शिरली. ती गेली, पाटी अडकली. तिनं हिसका दिला, दोन जुड्या खाली पडल्या, पाटी सुटली. पलीकडून चार पावलं गेल्याचा आवाज आला आणि मग थांबला.

"पंढऱ्या," ती पलीकडून म्हणाली, "अजून चार विटा काढ. पाटी अडकते."

पंढरीनं तळहातावर थुंकी घेतली.

"काढतो, मावशे," तो म्हणाला.